उलट्या मोराची चादर

[पडद्यावर : जुना कृष्णधवल फोटो. पांढरी बाराबंदी, डोक्याला फेटा, कपाळावर भस्माचे पट्टे.]

सोलापुरात अंगावर बाराबंदी चढली की माणसाचा चेहरा आपोआप गंभीर होतो. ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वजांच्या मागं चालणारी माणसं बघा, सगळ्यांच्या तोंडावर एकच भाव. या फोटोतले चौघंही तसेच आहेत. मधला पाचवा मात्र फोटोग्राफरकडं बघून एक डोळा मिटतोय. ते आमचे अण्णा. माझे आजोबा.

आजोबांवरच्या फिल्म फार गोड होतात. मागं बासरी वाजते, आरामखुर्ची हलत असते. अण्णांकडं आरामखुर्ची नव्हती आणि ते गोडही नव्हते. खट्याळ होते, तापट होते. लेझमीचा ठोका चुकला तर सख्ख्या नातवालाही चारचौघांत शिवी हासडायचे आणि ती बहुतेक तेलुगूत असायची. गल्लीतली माणसं आजही म्हणतात, ‘अण्णा लई मजेशीर माणूस.’ खरं आहे. पण त्यांच्या मजेला वेळेवर यावं लागायचं. उशिरा आलेल्याला ती मिळायची नाही.

[पडद्यावर : शाळेचा जीर्ण दाखला. तारखेवरून फिरणारं बोट.]

दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९३८. खरी कुणालाच ठाऊक नाही. पोराला शाळेत घालताना मास्तरांनी विचारलं, घरच्यांनी खांदे उडवले, मास्तरांनी १ जून टाकून दिली. महाराष्ट्रात या एका तारखेला जन्मलेले म्हातारे किती असतील, देव जाणे. अण्णांनी निदान आपल्या गल्लीतले मोजले. लोकांची रेशनकार्डं, दाखले, पेन्शनचे कागद मागून मागून बघितले आणि अकरा जण हुडकून काढले. मग दर १ जूनला त्या अकरा जणांचा सामुदायिक वाढदिवस.

केक नाही, कलिंगड. त्यात मेणबत्त्यांऐवजी उदबत्त्या खोचलेल्या. दाखल्यावर ज्याचं वय सगळ्यात जास्त, त्यानं सुरी धरायची असा नियम. दरवर्षी भांडण तिथंच पेटायचं, कारण समोरासमोर राहणाऱ्या दोन आज्ज्या आपलं वय जास्त आहे हे मरेपर्यंत मान्य करायला तयार नव्हत्या. अण्णा दोन्ही बाजूंनी वकिली करायचे. तेवढ्यात उदबत्त्या जळून जायच्या, कलिंगडावर राख पडायची आणि पोरं ती फुंकून फुंकून फोडी खायची.

[पडद्यावर : गिरणीच्या आवाराची पडकी दगडी भिंत. मग यंत्रमागाचा खडखडाट.]

सोलापूरची पहिली कापड गिरणी १८७७ साली सुरू झाली. कागदावर तिचं नाव सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनी, लोकांच्या तोंडी जुनी गिरणी. पुढं नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि गिरणीच्या भोंग्यावर सगळं शहर उठायला, जेवायला, घड्याळं लावायला लागलं. आमचे पणजोबा जुन्या गिरणीत साच्यावर होते. अण्णाही तिथंच बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, लागले. १९६३ साली ती गिरणी बंद पडली तेव्हा अण्णा पंचविशीत होते, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं.

मग ते पूर्व भागात आले. अशोक चौकाच्या पलीकडं, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या वस्तीत. इथं घराघरांत माग होते. खाली माग, वर संसार. अण्णांनी आधी कांड्या भरल्या, मग माग चालवला आणि शेवटी जॉबर झाले. जॉबर म्हणजे मागांचा डॉक्टर. कुठला माग का अडला, हे त्याला नुसत्या आवाजावरून कळायला हवं. अण्णा रस्त्यावरून जाता जाता भिंतीपलीकडच्या मागाचा आवाज ऐकायचे आणि खिडकीतून ओरडायचे, ‘काय करायलास बे? तिसरा माग रडायलाय की!’

सोलापुरी चादरीला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालं. चादर सगळ्यांना माहीत आहे, त्यावरचा मोर कसा येतो हे फार थोड्यांना. अण्णा तो आम्हाला पोरांना दाखवायचे. मागाच्या डोक्यावर जकार्ड बसवलेलं असतं. जाड पुठ्ठ्यांना भोकं पाडून, ते एकाला एक शिवून त्यांची लांबच लांब माळ केलेली असते आणि ती वरून फिरत राहते. जिथं भोक आलं तिथं सुई आत शिरते, तिच्याशी जोडलेला आकडा वर उचलला जातो आणि ताण्याचे, म्हणजे उभे, तेवढेच धागे वर येतात. त्या फटीतून धोटा सुळकन निघून जातो. एका पुठ्ठ्याला आडवा एक धागा. पुढचा पुठ्ठा, पुढचा धागा. असे शेकडो पुठ्ठे फिरले की मोराची चोच पुरी होते. पिसारा तर अजून लांबच. ‘मोर पुठ्ठ्यात आहे, चादरीत नुसता उमटतो,’ असं अण्णा म्हणायचे आणि बोटाला लागलेलं काळं ग्रीस आमच्या नाकाला पुसायचे.

पूर्व भागानं त्यांना तेलुगू शिकवली. बाजारपेठेत आणि सिद्धेश्वरांच्या देवळात कानडी कानावर पडायचीच. मित्रांत दखनी चालायची. शेजारच्या तेलुगू मामांना ते सकाळी ‘बागुन्नारा?’ म्हणायचे, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला ‘ऊटा आत री?’ आणि दोघांनाही शिव्या द्यायच्या झाल्या तर मराठीत द्यायचे, म्हणजे राग यायला नको. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. पद्मशाली समाजाचा तो सगळ्यात मोठा दिवस. अण्णा त्या दिवशी सकाळपासून गायब. संध्याकाळी गुलालात बुडालेला एक माणूस दारात उभा राहायचा आणि आज्जी विचारायची, ‘कोण पाहिजे?’

[पडद्यावर : अरुंद गल्ली, दारोदारी निळे पिंप, प्लॅस्टिकच्या घागरी.]

आता पाण्याचं सांगायलाच हवं, कारण पाण्याशिवाय सोलापूरची गोष्ट होत नाही. उजनी धरण आपल्याच जिल्ह्यात, तरी नळाला पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांनी. तेही रात्री दोनला येईल का पहाटे चारला, नेम नाही. गल्लीत आळीपाळीनं जागायची पद्धत होती आणि ज्याची पाळी तो हमखास झोपायचा. अण्णांची झोप सावध. रात्रपाळ्या करून करून ती तशी झालेली. त्यांनी हे काम आपल्याकडं घेतलं. नळ सुसकारायला लागला की माळ्यावर जाऊन हलगी बडवायची आणि चार भाषांत आरोळी ठोकायची : ‘पाणी आलं! नीळ्ळु वच्चिनय! नीर बंतु! पानी आ गया!’

कुणाकडं लहान बाळ असलं, कुणी आजारी असलं, तर त्या घरासमोर हलगी हळू वाजायची. परीक्षा असलेल्या पोराच्या घरासमोर मुद्दाम जोरात, म्हणजे उठून अभ्यासाला बसेल. नव्यानं भाड्यानं आलेल्या एका जोडप्याला पहिल्या रात्री वाटलं, गल्लीत दरोडा पडला. ते कडी लावून आत बसले. त्यांचं पिंपही अण्णांनीच भरून ठेवलं होतं.

[पडद्यावर : सुपात कापलेली पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ. वळणारे हात.]

आज्जी विड्या वळायची. पूर्व भागातल्या हजारो बायकांसारखीच. तेंदूची पानं भिजवायची, पत्र्याचं माप धरून कात्रीनं कापायची, चिमूट तंबाखू घालून वळायची, दोरा गुंडाळायचा, तोंड मुडपायचं. दिवसाला हजार विड्या झाल्या तर मजुरी धड पडायची. पान कापायला वेळ फार जातो. म्हणून अण्णा कामावरून आले की जेवून पानं कापायला बसायचे. पुरुषमाणसानं बायकोची पानं कापायची म्हणजे त्या काळात चेष्टेचा विषय. अण्णांची चेष्टा कोण करणार? ती आधीच ते स्वतः करून मोकळे व्हायचे. ‘आमच्याकडं आमची मालकीण मला पगार देत नाही, नुसतं जेवायला घालते,’ असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

सुट्टीच्या दुपारी आठ-दहा बायका आमच्या पडवीत सुपं घेऊन बसायच्या आणि अण्णा मोठ्यानं पेपर वाचून दाखवायचे. पहिल्या दोन बातम्या खऱ्या. तिसऱ्या बातमीत पंतप्रधानांनी आमच्या गल्लीतल्या अमक्या काकूंना दिल्लीला बोलावलेलं असायचं, शेंगाचटणी कुटायला. चौथीत भुईकोट किल्ल्यात पाहिलेल्या वाघाचं वर्णन असायचं आणि ते कुणाच्या तरी नवऱ्याशी हुबेहूब जुळायचं. बायका हसायच्या, हात मात्र थांबायचे नाहीत. आज्जीचं म्हणणं, अण्णा पेपर वाचत असले की शंभर-सव्वाशे विड्या जास्त व्हायच्या. कंटाळ्यानं हात जड होतो, हसण्यानं होत नाही, एवढा साधा हिशेब होता तो. आणि माझ्या मते अण्णांनाही तो पक्का ठाऊक होता.

[पडद्यावर : लेझीम. आधी जमिनीवर ठेवलेली, मग वीस हातांत.]

गणपती. इथं जरा थांबावं लागेल.

सार्वजनिक गणेशोत्सव म्हटलं की १८९३ आणि पुणे आठवतं. सोलापूरकर लगेच बोट वर करतात : आमचा आजोबा गणपती त्याच्याही आधीचा, १८८५ पासूनचा. गणपतीला ‘आजोबा’ म्हणणाऱ्या या गावात मिरवणुकीचा जीव आहे लेझीम. लाकडी दांडा, त्याला लोखंडी साखळी, साखळीत चकत्या. हातात घेतली की साधी वाटते. अर्धा तास खेळलं की खांदा कळतो.

अण्णा आमच्या मंडळाचे लेझीमचे वस्ताद. सराव गणपतीच्या महिनाभर आधी, रात्री नऊला सुरू. नऊ वाजून एक मिनिटानं आलेला बाहेर. त्यानं बाजूला उभं राहून हलगीवाल्याला चहा द्यायचा. पहिले आठ दिवस हातात लेझीम नाहीच, नुसती पावलं. मग ठोके. मग बसून, उठून, फिरून. ‘पाय हलगी ऐकतो, हात समोरच्याला ऐकतो, डोकं काहीच ऐकत नाही म्हणून ते घरी ठेवून यायचं,’ हा त्यांचा पहिला धडा.

त्यांची खरी करामत जोड्या लावण्यात असायची. लेझमीत माणसं समोरासमोर उभी राहतात. समोरच्यानं ठोका दिला की आपण द्यायचा. नाही दिला तर सगळी रांग विस्कटते आणि सगळी गल्ली बघते. अण्णा वर्षभर कोण कुणाशी बोलत नाही याची नोंद डोक्यात ठेवायचे आणि सरावाच्या पहिल्याच दिवशी त्या दोघांना समोरासमोर उभं करायचे. वाटणीवरून कोर्टात गेलेले दोन भाऊ. उधारीवरून तुटलेले दोन मित्र. एकदा तर सोडचिठ्ठीपर्यंत आलेल्या एका घरचे सासरे आणि जावई. तोंडानं बोलू नका, अण्णांचं काही म्हणणं नसायचं. ठोका द्या. महिनाभर रोज रात्री तासभर एकमेकांच्या डोळ्यांत बघून ठोका दिल्यावर अनंत चतुर्दशीपर्यंत बहुतेक जोड्या बोलायला लागायच्या. सगळ्या नाही. ते दोन भाऊ शेवटपर्यंत बोलले नाहीत, पण लेझीम मात्र अशी खेळायचे की लोक त्यांनाच बघायला यायचे.

मुलींचा ताफा अण्णांनी काढला तेव्हा गल्लीत कुरकुर झाली. रात्री नऊला पोरी बाहेर कशा पाठवायच्या? माझी आत्या त्या ताफ्यात पहिल्या रांगेत होती. ती सांगते, ‘अण्णा घरोघरी गेले. कुणाशी वाद घातला नाही. नुसतं म्हणाले, पोरीबरोबर तिच्या आईलाही पाठवा, बसायला सतरंजी आमची, चहा आमचा. पहिल्या रात्री सहा आया आल्या. आठव्या दिवशी त्यातल्या चौघींनी पदर खोचला आणि रांगेत उभ्या राहिल्या. मग कोण कुणाला अडवणार?’

पुढं मिरवणुकीत डॉल्बी आली. भिंतीएवढे स्पीकर, छाती हलवणारा दणका. हलगीचा आवाज त्यात ऐकू येईना आणि हलगी ऐकू आली नाही तर पाय चुकतो. पोरांनी अण्णांना म्हटलं, आपणही डॉल्बी आणू. अण्णांनी मंडळाची बैठक बोलावली, कापसाचे बोळे वाटले, सगळ्यांना कानांत घालायला लावले आणि मग खाणाखुणा करत दहा मिनिटं भाषण ठोकलं. कुणाला काही कळलं नाही. बोळे काढल्यावर म्हणाले, ‘डॉल्बीत बाप्पालाही एवढंच कळतं.’ ठराव बारगळला. हे फार दिवस टिकलं नाही. अण्णा थकल्यावर डॉल्बी आलीच आणि आता ती जावी म्हणून तीच पोरं भांडतायत.

[पडद्यावर : चार हुतात्मा चौक. पुतळ्यांना हार.]

वर्षातून एक दिवस अण्णा चेष्टा करत नसत. १२ जानेवारी. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ लागला होता. त्यातल्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. अण्णा आम्हा नातवंडांना घेऊन पुतळ्यांपाशी जायचे. चारही नावं प्रत्येकानं न अडखळता म्हणायची. अडखळला त्याला त्या वर्षी गड्ड्याच्या जत्रेत पाळणा नाही. त्यामुळं आमच्या घरातल्या तीन वर्षांच्या पोरालाही ही चार नावं बाराखडीच्या आधी येतात.

आणि मग गड्डा! संक्रांतीच्या दिवसांतली सिद्धेश्वरांची यात्रा. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता, मग होम मैदानावर पाळणे, मौत का कुआँ, भजी, रेवड्या. अण्णा अक्षता पडेपर्यंत फोटोतल्या त्या बाराबंदीत. पडल्या की आमचे.

एका वर्षी तंबूत माणसं ओळखणारं गाढव आलं होतं. मालक विचारायचा, ‘इथं सगळ्यात चिकट कोण?’ आणि गाढव गर्दीत फिरून कुणासमोर तरी थांबायचं. अण्णांनी आधीच जाऊन मालकाच्या हातात पैसे सरकवले. आम्हाला वाटलं, आता कुणा सोयऱ्याची पाळी. मालकानं विचारलं, ‘बायकोला सगळ्यात जास्त भिणारा कोण?’ गाढव सरळ चालत आलं आणि अण्णांसमोरच उभं राहिलं. तंबू हसून हसून आडवा झाला. अण्णा हात जोडून गाढवाला म्हणाले, ‘तुला कुणी सांगितलं रं?’ आणि आज्जी पदरात तोंड खुपसून हसत होती. पैसे नेमके त्यासाठीच दिले होते, हे तिला घरी आल्यावर कळलं. तेव्हा तिनं पैशाचा हिशेब मागितला.

अण्णा मार्च महिन्यात गेले. ऊन नुकतं चढायला लागलं होतं. फार आजारपण नाही, दोन दिवस अंथरूण धरलं एवढंच. माणसं किती आली, ते मी सांगत नाही, सगळेच खूप सांगतात. एवढं सांगतो की चौथ्या रात्री नळाला पाणी येऊन गेलं आणि गल्लीत कुणालाच पत्ता लागला नाही. सकाळी सगळे रिकामी पिंपं घेऊन एकमेकांकडं बघत उभे. दुपारी टँकर मागवावा लागला. पुढच्या खेपेपासून माझा चुलतभाऊ माळ्यावर झोपायला लागला. तो हलगी फार वाईट वाजवतो. चार भाषांतली एकही आरोळी त्याला धड जमत नाही. पण लोक उठतात.

[पडद्यावर : घडी घातलेली चादर. घडी उलगडत जाते.]

आता ही चादर. हिच्यासाठी आम्ही कॅमेरा घेऊन बार्शीपर्यंत गेलो.

आत्याचं लग्न ठरलं त्या सुमारास अण्णांच्या कारखान्यात जकार्डच्या पुठ्ठ्यांची माळ नव्यानं शिवायला आली होती. शिवून मागावर चढवली, माग सुरू झाला, पहाटे चादर उतरली. बघतात तर मोर उलटा. डोकं खाली, पाय वर, पिसारा जमिनीकडं. काठावर कारखान्याचं नाव, तेही उलटं. माळ उलट्या क्रमानं लागली की असंच होणार. आज्जी म्हणायची, रात्रपाळीत डुलकी लागली आणि हे झालं. अण्णा शेवटपर्यंत म्हणत राहिले, मुद्दाम केलं. कारखानदारानं ती चादर बाजारात पाठवायला नकार दिला, अण्णांनी पगारातून तिचे पैसे कापून घेतले आणि लग्नात ती आहेर म्हणून जावयाच्या खांद्यावर टाकली. मांडवात सगळे बघतच राहिले. अण्णा शांतपणे म्हणाले, ‘जावईबापू, एवढा मान कुणी कुणाला देत नाही. आमचा मोर तुमच्या पाया पडायलाय.’

ते जावई, म्हणजे आमचे मामा, आता सत्तरीला टेकलेत. चादरीचे काठ विरलेत, मोराचा हिरवा रंग उडालाय. मंडळाच्या पोरांची इच्छा होती की अण्णांची आठवण म्हणून ती मंडळाच्या खोलीत काचेत लावावी. मी तसं विचारलं. मामांनी कॅमेऱ्यासमोरच उत्तर दिलं आणि ते जसंच्या तसं ठेवतोय.

[पडद्यावर : मामा, अंगावर चादर, हातात चहाची बशी.]

‘आहेर परत मागतात का कुठं? काचेत लावायची म्हणे! मग मी थंडीत काय पांघरू? आणि लावणार कशी, सरळ का उलटी? ते आधी ठरवा, त्यावरनंच तुमचं मंडळ फुटंल. बघायची असंल तर इकडं या. येताना शेंगाचटणी आणा. मागच्या टायमाला आणली ती पुळचट होती, सांगा तिकडं.’